इस्लामी बँकेच्या परीक्षकास काही सूचना

इस्लामी बँक धर्मतत्त्वे कितपत पाळते हे तपासण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर सर्वप्रथम तिच्या वार्षिक अहवालातील शरिया मंडळाचे, म्हणजे व्यवहार शरीयतला धरून आहेत का हे पाहणाऱ्या विद्वानांच्या समितीचे, पान काढावे. सर्व व्यवहार शरीयतला धरूनच झाल्याचे तेथे स्वाक्षऱ्यांसह लिहिलेले आढळेल. या स्वाक्षऱ्या करणाऱ्या विद्वानांचे मानधन तीच बँक देते, अशी शंका मनात डोकावलीच, तर ती परीक्षकाला शोभत नाही असे समजून पान उलटावे.

पुढे शरीयतला निषिद्ध असलेला ‘व्याज’ हा शब्द शोधावा. तो सापडणार नाही, कारण त्याच्या जागी ‘नफा’ बसलेला असेल. हा नफा वर्षानुवर्षे लंडनच्या लायबॉर या व्याजदराकडे पाहूनच ठरत असे, हे विसरलेले बरे.

तवर्रुक, म्हणजे मालाच्या खरेदी-विक्रीतून रोकड उभी करण्याचा व्यवहार, यापाशी मात्र थोडे थांबावे, कारण खरी कारागिरी तेथे आहे. ग्राहकाला रोख रक्कम हवी असते. बँक एका दलालाकडून धातू विकत घेते, नफा चढवून तो ग्राहकाला उधारीने विकते आणि लगेच ग्राहकाचीच मुखत्यार होऊन दुसऱ्या दलालाला रोखीने विकून टाकते. एवढ्या खरेदी-विक्रीत धातू गोदामातून तसूभरही हलत नाही. ग्राहकाच्या खात्यात रक्कम येते आणि डोक्यावर तिच्याहून मोठे देणे. मलेशियात हीच सेवा पामतेल बजावते. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्र) अकादमीने 2009 साली शारजा येथे असा संघटित तवर्रुक अवैध ठरवला आणि त्याच वर्षी मलेशियाच्या शेअर बाजाराने अशा सौद्यांसाठी खास मंच उघडला. आपण गोंधळून जाऊ नये. आपल्या तक्त्यात ‘मालकी हस्तांतरित झाली काय’ असा रकाना असेल, ‘माल कोणाला हवा होता’ असा नसेल.

आकड्यांची आवड असल्यास शरीयतच्या उद्दिष्टांवर बेतलेला, 2008 साली मांडला गेलेला निर्देशांक वापरावा. त्यात ‘शिक्षण’ या उद्दिष्टाखाली प्रशिक्षणाबरोबर प्रसिद्धीवरचा खर्चही धरला जातो, त्यामुळे रस्तोरस्ती फलक लावणारी बँक धर्मकार्यातही सहज पुढे जाते.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर परीक्षण देणेकऱ्याकडे सोपवावे. त्याच्याइतका कडक धर्मपरीक्षक मिळणे नाही. शारजाच्या दाना गॅस या कंपनीने 2017 साली, सुमारे 70 कोटी डॉलरच्या सुकूकांची, म्हणजे इस्लामी रोख्यांची, मुदत काही महिन्यांवर आली असताना, आपणच काढलेले हे रोखे शरीयतला धरून नाहीत, सबब ते बेकायदा आहेत, असे जाहीर केले. रोखे विकताना ही बाब नजरेतून सुटली असावी. लंडनच्या न्यायालयाने त्याच वर्षी रोखेधारकांच्या बाजूने कौल दिला. अर्थात तो इंग्लंडच्या कायद्यानुसार.