माणूस ठेवायचा तो जानेवारीत, मे महिन्यात नाही

छोट्या सर्व्हिसिंगच्या धंद्यावरच्या लेखात ‘कामं दुप्पट झाली की ऑफिसात (फोन, बिलं सांभाळायला) माणूस ठेवा’ असा सल्ला आहे, तो अर्धवट वाटतो. कामं मोजू नका, फोन मोजा. दोन आठवडे वहीत रोज तीनच आकडे लिहा: न उचललेले कॉल, दुसऱ्या दिवसावर गेलेली बिलं, महिन्यावर थकलेली उधारी.

मग हिशोब. बडोद्यात एसी-आरओ सर्व्हिसिंगचा धंदा धरा. पगार 14,000, दिवाळीचा बोनस, फोन, चहापाणी धरून 17,000 समजा (गुजरातेत 12,000च्या वर पगार गेला की व्यवसाय कराचे महिन्याला 200 पगारातूनच कापून भरायचे). एका व्हिजिटमागे हातात 600 उरत असतील तर महिन्याला 28-29 व्हिजिट जास्त हव्यात, म्हणजे रोज एकाहून थोडी जास्त. तेवढे कॉल खरंच सुटत असतील तरच ठेवा. नाहीतर आधी अर्ध्या दिवसाचा माणूस, सकाळी 9 ते 1. तक्रारींचे फोन बहुतेक तेव्हाच येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऐन मे महिन्यात घाईने भरती. तेव्हा शिकवायला कुणाला वेळ असतो? जानेवारीत ठेवला तर उन्हाळ्याआधी शिकून होतो. नवखा माणूस शहराच्या वेगवेगळ्या भागांतले, मांजलपूर आणि गोत्रीचे, कॉल एकाच मेकॅनिकला लागोपाठ देतो आणि अर्धा दिवस रस्त्यात जातो. गुजराती बोलता येणं कॉम्प्युटरपेक्षा महत्त्वाचं, ते काही चार दिवसांत शिकवता येत नाही.

आणि हो, धंद्याचा नंबर वेगळा घ्या, क्यूआर तुमच्याच खात्याचा ठेवा, ओटीपी कुणाला देऊ नका. मासिक जीएसटीआर-1ची (जीएसटीच्या विक्री विवरणपत्राची) शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 11 असते, तेव्हा बिलं 5 तारखेला सीएकडे पोचवणं हे ऑफिसातल्या माणसाचं पहिलं काम.