‘डॉक्टर लागतो, पाद्री नाही’ : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी मिशनच्या शाळेतल्या सकाळच्या प्रार्थनेविषयी लिहिलं होतं. मुलांच्या मनावरचं मळभ हटवायला ख्रिस्ती शाळेची रीत कामाला येते, असा त्याचा सूर होता. त्यावर ‘एक पालक, जुळे सोलापूर’ अशा सहीने तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, तुमचं म्हणणं असं : मुलाला नैराश्य आलं तर डॉक्टर लागतो, पाद्री नाही. तुमच्या शाळांत आम्ही शिस्तीच्या नावाखाली छड्या खाल्ल्या. प्रार्थनेच्या आडून धर्मांतराचं दार उघडं ठेवता आणि वर त्याला मनाचं आरोग्य म्हणता. आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखी एक ओळ : ‘माझी मुलगी आठवीत आहे, हल्ली दार लावून बसते.’

पहिलं उत्तर मी रागात लिहिलं आणि खोडलं. सत्तावीस वर्षं खडू हातात धरलेल्या बाईला कुणी फैलावर घेतलं की आधी तोंड सुटतं, मग डोकं चालतं.

छड्यांचं आधी, कारण तिथे माझ्याकडे बचाव नाही. माझ्याही टेबलावर लाकडी पट्टी असायची आणि ती नुसती रेघा मारायला नव्हती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही असं ठरवलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये ‘म्हणजे आपण सुटलो’ अशी कुजबुज मी स्वतः ऐकली आहे. भिंतीवर ‘लहान लेकरांना माझ्याकडे येऊ द्या’ लिहिलेलं आणि खाली ही कुजबुज. तुम्ही ज्या चिडीने लिहिलंत ती चीड आम्ही कमावलेली आहे.

धर्मांतराचं मात्र अर्धंच मान्य करते. इतिहासात तो प्रश्न खरा आहे. अमेरिकन मराठी मिशन एकोणिसाव्या शतकात सोलापुरात आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने पोरकी मुलं सांभाळली. उपाशी लेकरू आणि भाकरी देणारा हात यांत बरोबरी कधीच नसते, मग देणारा कितीही सज्जन असो. हे आमच्या लोकांनी मोकळेपणी बोलायला हवं, ते बोलत नाहीत. पण आजच्या शाळेचं म्हणाल, तर राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तुमच्या मुलीच्या शाळेत तसं होत असेल तर लेखी ‘नको’ द्या. कुणाची मेहेरबानी लागत नाही. माझ्या वर्गात पन्नासात चार-पाच मुलं ख्रिस्ती असायची. बाकीची लिंगायत, पद्मशाली, मराठा, मुसलमान. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत निम्मा वर्ग गायब, नंदीध्वजांच्या मागे! मी ओरडायचे आणि संध्याकाळी स्वतः पाळण्यात बसायला जायचे. वारकऱ्यांच्या घरातल्या पोरांना आमची भजनं परकी वाटत नसत, कारण ती ज्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची, त्यांनीच सांगून ठेवलंय की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो.

आता मुख्य मुद्दा, डॉक्टर की पाद्री.

आमच्या हॉलच्या दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला फट पाडलेली. मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची, सोमवारी प्रार्थनेत आम्ही त्या विषयांसाठी प्रार्थना करायची. बहुतेक चिठ्ठ्या ठरलेल्या. गणितात पास होऊ दे. आजीचे डोळे बरे होऊ दे. पप्पांची सुटू दे, यात ‘दारू’ हा शब्दसुद्धा नसे, सगळ्यांना कळायचं. एका सोमवारी वहीच्या समासाएवढ्या कागदावर हिरव्या शाईत निघालं : ‘मला झोप येत नाही.’ अक्षर मी ओळखलं. नववीतला मुलगा, कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून यायचा. ‘झ’ काढताना तो शेपूट खालच्या ओळीपर्यंत ओढायचा.

मी पुढे उभी राहून सुंदर प्रार्थना केली. खरंच सुंदर होती, दोन बायांनी तसं सांगितलंही. नंतर व्हरांड्यात त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, ‘विश्वास ठेव बाळा, सगळं नीट होईल.’ पुढच्या सोमवारी तीच चिठ्ठी. मी तीच प्रार्थना केली, जरा लांबवून. तिसऱ्या सोमवारी आलं : ‘बाई, रोज प्रार्थना करतो. तरी झोप येत नाही. माझं काही पाप आहे का?’

तुमची सगळी प्रतिक्रिया एका पारड्यात टाकली तरी या ओळीचं पारडं जड होईल. मुलगा एक दुखणं घेऊन आला होता, मी त्याला दुसरं दिलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर बसने कुंभारीला गेले. आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, हजार पुऱ्या करायच्या म्हणून मान वर न करता बोलत होती. तास-दीड तास बसल्यावर कळलं. वडील रात्री पिऊन यायचे आणि तिच्यावर हात टाकायचे. मुलगा दाराला पाठ लावून बसायचा, ते झोपेपर्यंत. त्याला झोप येत नव्हती असं नाहीच, तो पहारा देत होता. आणि मी देवाकडे मागत होते की पहारेकऱ्याला झोप लागू दे.

नंतरचं भराभर सांगते. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात चार-पाच फेऱ्या झाल्या. मामाच्या घरी काही महिने सोय झाली. वडिलांशी बोलायला चर्चमधले दोघं गेले, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. दहावीला त्याला मार्क बेताचेच पडले. आता तो कुठे असतो ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहायचं नाही.

तर हो, डॉक्टर लागतोच. याला आमच्याच ग्रंथाचा, बायबलचा आधार आहे, फक्त तो उपदेशात कुणी सांगत नाही. एलीया संदेष्टा इतका खचला की रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. देवदूत आला तो प्रवचन द्यायला नाही. त्याने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं फार नंतर, डोंगरावर. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र तर सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी कुणी दिवा लावत नाही. हे स्तोत्र मी वर्गात एकदाच वाचलं. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी मुलगी तासानंतर येऊन म्हणाली, ‘बाई, असं देवाला बोललं तर चालतं?’ चालतं म्हटलं. तिला त्या दिवशी आणखी काही नको होतं.

पण तुमच्याशी माझं जमत नाही ते इथे. डबा नसता तर ती हिरवी चिठ्ठी लिहिलीच गेली नसती. हे तितकंच खरं आहे. समुपदेशकाच्या खोलीकडे जाताना मुलाला दहा जण बघतात, आणि मुळात किती शाळांत ती खोली आहे? डब्यात चिठ्ठी टाकताना तो सगळ्यांसारखाच असतो. ‘मी आतून मोडलोय’ हे म्हणायला आपल्याकडच्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे शब्द नसतात. प्रार्थना ते शब्द देते. चूक डब्याची नव्हती. चिठ्ठी वाचून झाली की काम झालं असं मी समजले, ती होती. ख्रिस्ती शाळेकडून मला एवढंच हवंय : सोमवारी चिठ्ठी वाचणाऱ्या बाईने मंगळवारी त्या मुलाच्या घरची बस पकडावी. मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं. प्रार्थनेचं गोड गोड लिहिलं आणि बसचं गाळलं, म्हणून तुम्हाला राग आला. बरोबर आला.

आता तुमची शेवटची ओळ. मला वाटतं प्रतिक्रिया तुम्ही त्या ओळीसाठीच लिहिलीत.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारचा आहे, फुकट, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनीही फोन करायला हरकत नाही. मुलीचं जेवण तुटलं असेल, झोप उलटी झाली असेल, अंगावर जखमा दिसत असतील किंवा मरणाचं बोलत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दाराची कडी काढून टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. दार वाजवून आत जा. आणि ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका.

तुमच्याकडेही पाणी चार-पाच दिवसांनीच येत असेल. नळ येईल त्या रात्री तिला हाक मारा, ‘पाईप धर गं जरा.’ माझी लेक त्या वयात फक्त पाणी भरतानाच बोलायची, पिंप भरायला लागतात तेवढी वीस मिनिटं, आणि तीसुद्धा माझ्याकडे न बघता.