स्टीलच्या जाळीचा होस: खुलासा

रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘स्टीलच्या जाळीचा होस लावा, घासण्याची चिंता मिटली.’ (होस म्हणजे तेल, इंधन किंवा ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी; याच्यावर स्टीलच्या तारांची जाळी विणलेली असते.) अर्धंच खरं. होस वाचतो, शेजारचं मरतं. इंजिनच्या थरथरीत ती जाळी कानशीसारखी चालते. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, वायरिंगचं आवरण, ब्रेकची नळी, सगळं हळूहळू खाते. नुसता रंग गेला तरी आपल्या खाऱ्या हवेत तिथे गंज धरलाच समजा. होसवर जाड प्लास्टिकचं आवरण चढवा, रबर लावलेल्या क्लॅम्पने तो बाजूला धरा, पत्र्यातून जातो तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) बसवा. (जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळू नका, तेल लागलं की फुगतो.) पुढच्या ब्रेकचा होस असेल तर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे टेकतोय का ते बघा.