म्हणे ‘मशीन 2000 चंच घ्या’

दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि नागपूरच काय, पुसद-दारव्ह्याकडच्या शाळांच्या ग्रुपवरही बुद्धिबळाची चर्चा सुरू झाली. चांगलंच झालं. पण सोबत एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: पोरासाठी छोटं बुद्धिबळ मशीन, म्हणजे स्वतः चाली खेळणारा पट, घ्यायचं तर 2000 रेटिंगचंच (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) घ्या. 1200 चं मशीन म्हणजे फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) 1200, म्हणजे पैसे पाण्यात. मशीन जितकं तगडं तितकं पोरगं लवकर तयार. आणि मोबाइलमध्ये ती ताकद नसते.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो साफ खोटा आहे. स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या मोबाइलवर चालतं आणि जगज्जेत्यालाही हरवतं. 1997 मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला कपाटाएवढा संगणक लागला होता. तो जमाना गेला. ताकदच हवी असेल तर एक रुपयाही खर्चू नका.

‘1200 चं मशीन म्हणजे फिडे 1200’ हेही चूक. मार्च 2024 पासून फिडेच्या यादीत 1400 च्या खाली रेटिंगच नाही. शिवाय तेच मशीन एका चालीला पाच सेकंद घेतं तेव्हा वेगळं खेळतं आणि तीन मिनिटं घेतं तेव्हा वेगळं. खोक्यावरचा आकडा यातल्या कोणत्या लेव्हलचा, हे दुकानदाराला विचारून पाहा.

आता मुख्य मुद्दा, तगड्या मशीनचा. रेटिंग ज्यावरून काढतात त्या इलोच्या सूत्राने दोघांच्या रेटिंगमध्ये 400 चा फरक असेल तर कच्च्या खेळाडूला 100 डावांत साधारण 9 गुण मिळतात (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा). फरक 1000 चा असेल तर अर्धा गुणसुद्धा नाही. म्हणजे शंभर डावांत एक बरोबरीही धड नशिबात नाही. कोणतं पोट्टं इतकं हरून दुसऱ्या दिवशी पट मांडेल, बाप्पा?

यावर कोणी म्हणेल, मग लेव्हल कमी करा. करा, पण कमी कशी होते तेही बघा. काही मशीनं खालच्या लेव्हलवर दहा चाली पक्क्या खेळतात आणि अकराव्या चालीला वजीर उगाच प्याद्याच्या तोंडी देतात. त्यातून पोरगं शिकतं एवढंच, की वाट पाहा, मशीन स्वतःच चुकेल.

जुनं, दोन-तीन चालींपुढचं न दिसणारं मशीन मात्र माणसासारखं फसतं. किल्लेकोट केलेल्या काळ्या राजापुढचं एच-7 घरातलं प्यादं पोराने उंटाने मारून शह द्यावा. मशीनला फुकटचा उंट दिसतो, राजा तो खातो. मग घोडा जी-5 वर, पुन्हा शह. राजा मागे सरकला की वजीर एच-5 वर, आणि मात समोर दिसायला लागते. ही युक्ती पोराला स्वतः सापडली पाहिजे. 2000 वालं मशीन बहुतेकदा तिथवर पोचूच देत नाही.

मग मशीन घ्यायचं कशाला? लाइट गेली तरी पट चालतो, मध्येच रील वाजत नाही. म्हणून घेताना सर्वांत खालच्या लेव्हलवर दुकानातच एक डाव खेळा. बंद करून चालू केल्यावर डाव तिथूनच सुरू होतो का, चाल मागे घेता येते का, हवी ती स्थिती मांडता येते का, ते पाहा. आणि पेन्सिल सेलवर चालणारं घ्या. ते गावच्या किराणा दुकानातही मिळतात.