खुलासा : गोठलेला बेडूक मेलेला नसतो

‘अलास्कातला बेडूक हिवाळ्यात मरतो आणि वसंतात पुन्हा जिवंत होतो’ हा मेसेज परवा मीही पुढे पाठवला. तो चुकीचा आहे. या वूड फ्रॉगचं हृदय थांबतं, अंगातल्या ६५ टक्क्यांपर्यंत पाण्याचा बर्फ होतो, हात लावला तर दगडासारखा लागतो, हे खरं. पण बर्फ पेशींच्या बाहेर असतो. पेशी जिवंतच राहतात. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात केनेथ स्टोरी यांनी हे वर्षानुवर्षं तपासलंय. अंगात बर्फ धरू लागताच काही मिनिटांत यकृतात आधीच तयार असलेल्या फॉस्फोरिलेज या एन्झाइमला (साठवलेली साखर सुटी करणाऱ्या प्रथिनाला) फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट जोडला जातो आणि ते कामाला लागतं. साठवलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साखरेच्या साठ्याचं, ग्लुकोज होऊन रक्तात उतरतं आणि बाहेरच्या बर्फामुळे पाणी गमावणाऱ्या पेशींना फार आकसू देत नाही. म्हणून तयार एन्झाइमच चालू करायचं; इतक्या घाईत नवं प्रथिन घडवायला वेळ कुठे असतो! जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.