पुन्हा नवा फॉर्म!

बास झालं आता! जैवइंधनाच्या शाश्वततेचे नियम पुन्हा बदलले. युरोपीय संघाचा पहिला निर्देश २००९चा, दुसरा २०१८चा, तिसरा २०२३चा. मध्येच २०२२ला पडताळणीचे वेगळे नियम, २०२४ला कच्च्या मालाच्या यादीत भर. अहो, आधीचा नियम अंगवळणी पडू तरी द्या!

जैवइंधन ज्यापासून बनतं त्या तळणाच्या वापरलेल्या तेलाचंच घ्या. ज्या स्वयंपाकघरातून डबा उचलला त्याचं स्वयंघोषणापत्र. मग गोळा करणाऱ्याचं प्रमाणपत्र, व्यापाऱ्याचं, रिफायनरीचं. प्रत्येक टप्प्यावर मास बॅलन्सचा हिशोब, म्हणजे आत किती माल आला आणि बाहेर किती गेला याचा मेळ. एवढं सगळं जुळवून फाइल बंद करावी, तर निरोप येतो: फॉर्म बदललाय, जुना चालणार नाही. म्हणजे त्या सगळ्या सह्या पुन्हा? कुणी गोळा करायच्या? आणि तीच माहिती युनियन डेटाबेसमध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या ऑनलाइन नोंदवहीतही भरायची!

ज्याला ताजं पामतेल वापरलेलं म्हणून खपवायचंय, तो नवा फॉर्मही बिनचूक भरतो. त्याला पकडायचं तर टाकीपाशी जा, तेलाचा नमुना घ्या, आवक-जावक मोजा. आमच्याकडे ऑडिटर येतो, खुर्चीत बसतो, आणि पहिला प्रश्न काय? फॉर्मची आवृत्ती कुठली!