‘दहा मिनिटांचे काम’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या सेवेला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. घरच्या संगणकावरचा माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर (ज्याला जोडून सगळे एकत्र खेळतात तो प्रोग्राम) बाहेरच्या मित्रांसाठी खुला करून घेताना आपली सबंध दुपार गेली आणि आपल्याला मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. ‘दहा मिनिटांचे काम दुपारभर ताणले, डीएमझेड सुरू करायला नकार दिला आणि एवढे करूनही घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून गेम जोडला जात नाही’, असे आपण म्हटले आहे. (डीएमझेड म्हणजे बाहेरून येणाऱ्या सगळ्या विनंत्या घरातल्या एकाच संगणकाकडे सोडणारी राउटरमधली सोय.) यातले ‘दहा मिनिटे’ आणि ‘ताणले’ हे शब्द आम्हाला फार लागले, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पोर्ट फॉरवर्ड करणे, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) बाहेरून येणारी विनंती घरातल्या नेमक्या संगणकाकडे वळवण्याचा नियम राउटरमध्ये लिहिणे, हे दहा मिनिटांचेच काम आहे, हे आम्हालाही मान्य आहे. आपल्या संगणकाचा आयपी पत्ता राउटर सुरू होताना दर वेळी बदलू नये म्हणून १९२.१६८.१.५० हा पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवणे, टीसीपी २५५६५ हे गेमचे पोर्ट त्या पत्त्याकडे वळवणे आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला (ज्यावर हा सर्व्हर चालतो) बाहेरून येणाऱ्या जोडणीची परवानगी देणे, एवढे सगळे आम्ही बसल्या बैठकीला उरकले होते. तरीही मित्रांच्या पडद्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येत राहिले, आणि खरे काम तिथून पुढे सुरू झाले.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे पुरवठादाराने राउटरला दिलेला पत्ता, आम्ही आपल्याला दाखवला होता, तो कदाचित आपल्या लक्षात नसेल. तो १००.७२ ने सुरू होत होता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आपला पत्ता मात्र वेगळाच होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. आयपीव्ही ४ या आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीमध्ये जेमतेम ४.३ अब्ज पत्ते मावतात आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, त्यामुळे अनेक पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्याआड बरीच घरे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी राउटरमध्ये कितीही अचूक नियम लिहिला तरी बाहेरून येणारी विनंती त्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. फ्लॅटचे दार सताड उघडे ठेवले, पण इमारतीच्या फाटकालाच कुलूप असले, तर पाहुणा वर येणार कसा? त्या कुलपाची किल्ली ना आपल्याकडे होती, ना आमच्याकडे.

म्हणून उरलेली दुपार आपल्या इंटरनेट पुरवठादाराकडून सार्वजनिक पत्ता मिळवण्यात गेली. तिथे फोनवर येणाऱ्या प्रत्येक नव्या व्यक्तीला तीच हकीकत पुन्हा सांगावी लागत होती आणि दर वेळी राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळत होता. आपण त्या वेळी हेडफोन लावून दुसरा गेम खेळत होता, याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. मात्र तोच वेळ आम्ही ‘ताणला’ असे जाहीरपणे वाचणे जड गेले. खासगी व्हीपीएनचे, म्हणजे इंटरनेटवरूनच आपले आणि मित्रांचे संगणक एकमेकांना जोडणारे, जाळे उभारून सीजीनॅट टाळण्याचा पर्यायही आम्ही सुचवला होता. मित्रांना प्रत्येकी एक सॉफ्टवेअर टाकावे लागेल म्हणून आपणच तो नको म्हणालात, आणि तो आपला अधिकारच होता.

सार्वजनिक पत्ता मिळाल्यावर, राउटरमधला एकही नियम न बदलता, आपला मित्र त्याच्या स्वतःच्या मोबाइल डेटावरून आत आला. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत त्याच्या नावापुढे ‘जॉइन्ड द गेम’ ही ओळ उमटली, तेव्हा आपण खुर्चीवरून उठून टाळी दिली होती. अभिप्रायात या प्रसंगाचा उल्लेख कुठेच नाही.

आता घरातल्या लॅपटॉपविषयी. आपण घरातच बसून, घरच्याच वायफायवरून, बाहेरच्यांसाठी दिलेले डायनॅमिक डीएनएसचे नाव (बदलत्या सार्वजनिक पत्त्याऐवजी वापरायचे कायमचे नाव) टाकून पाहिले, असे आपल्याच लिहिण्यावरून दिसते. घरातून निघून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणारी अशी विनंती परत आत वळवण्यासाठी राउटरमध्ये नॅट लूपबॅकची सोय असावी लागते, आणि आपल्या राउटरमध्ये ती नाही. घरातल्यांनी सरळ १९२.१६८.१.५० टाकावे, हे आम्ही निघताना सांगितले होते. बाहेरून जोडणी होते की नाही, हे बाहेरूनच तपासावे लागते. पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर ‘क्लोज्ड’ दिसल्याचे चित्रही आपण जोडले आहे, परंतु सर्व्हर त्या वेळी चालू नसेल तर नियम बिनचूक असूनही तेच दिसते.

डीएमझेडला दिलेल्या नकारावर आम्ही आजही ठाम आहोत. तो सुरू केल्यास त्या संगणकाची, वेगळा नियम नसलेली, सगळीच पोर्टे बाहेरून येणाऱ्यांसमोर येतात. त्याच संगणकावर आपण घरची कागदपत्रे ठेवता, आणि गेमला पोर्ट एकच लागते. शिवाय सीजीनॅटपुढे डीएमझेडही तितकाच निरुपयोगी ठरला असता.

यापुढे भेटीला येण्याआधीच ग्राहकाकडून वॅन आयपी विचारून घेण्याची पद्धत सुरू करण्याचा आमचा विचार आहे, आणि कामाला लागणाऱ्या वेळेबाबत अधिक स्पष्टपणे बोलण्याकडेही लक्ष दिले जाईल. आपल्याला आजही अडचण येत असल्यास सर्व्हर चालू ठेवून बाहेरच्या एखाद्या मित्राला जोडून पाहण्यास सांगावे आणि त्याच वेळी आम्हाला फोन करावा. आम्ही निःशुल्क तपासून देऊ. आमचा व्यवसाय लहान आहे आणि नवे ग्राहक हे तारे पाहूनच येतात, तेव्हा जोडणी झाल्याची खात्री पटल्यास अभिप्रायातले निदान ‘ताणले’ एवढे तरी आपण बदलावे, ही विनंती.